फोटोतली दीड म्हस

सोम. ६ ऑक्टो.
परत तोच फोन. गगनबावड्याहून, सुमन म्हणून कोण बाई आहे. "ताई, तुमच्या म्हशीचं पान उघडंना झालंय. नुसतं गोल गोल फिरतंय." म्हटलं, रेंज बघा की. तर म्हणते, "रेंज बघायलाच देवळामागच्या टेकडावर आलोय. आणि कुठं जाऊ?" चूक माझी. मोबाईलवरचे फोटो जसेच्या तसे साईटवर चढवलेत, एकेक फोटो म्हणजे सिमेंटचं पोतं.

ज्यांच्यासाठी साईट केली त्यांनाच उघडत नाही म्हणजे काय करायचं. आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, अट ठरलेली: आमची म्हस चंद्री दलालाला द्यायची नाही, जी बाई स्वतः धार काढणार तिलाच द्यायची. आणि बोलणी करायला तीच आली पाहिजे, तिचा दादला नाही. आता असल्या बायका राहणार कुठं, तर बावड्याला, शाहूवाडीला, डोंगरात. इथं शहरात रेंज चिक्कार, पण शेणात पाय घालायला कोण तयार नाही.

मंगळ. ७
सकाळी आत्तींची बोटं उघडेनात. कोमट पाण्यात हात घालून बसल्या होत्या. ह्यांनी विचारलं, "आई, आज मी बसू काय धारंला?" तर म्हणाल्या, "तू उद्यमनगरात लोखंड पिळ जा." मग स्वतःच बसल्या. डॉक्टरांनी धार काढायची पूर्ण बंद सांगितलीय, ऐकतंय कोण. दूध काढून झाल्यावर कासंडी उचलता येईना, ती मी उचलली. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही.

मीही एकदा बसून बघितलंय. चंद्रीनं लाथ मारली नाही, नुसती मान वळवून बघितलं आणि दूध वर ओढून घेतलं. त्यापेक्षा लाथ परवडली असती.

दुपारी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. फोटो बारीक करायचेत म्हटलं तर त्यानं महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, फोटोतलं आभाळ बदलता येतं, चेहरा गोरा करता येतो. म्हटलं, म्हस आहे, गोरी करून काय करू. उठून आले.

गुरु. ९
सापडलं. फुकट सॉफ्टवेअर. डाउनलोड, इन्स्टॉल, कुठं नाव-गाव-ईमेल काही विचारलं नाही, की महिन्यानं बंद पडेल म्हणून धमकी नाही. हे म्हणाले, "फुकटात कोण देतंय? काहीतरी गोम असणार." मीही शोधली गोम. सापडली नाही. जगातली कुठली कुठली माणसं आपापली नोकरी-धंदा सांभाळून हे करत बसलीत म्हणे, आणि ज्याला पाहिजे त्यानं घ्या म्हणतात. मी त्याचं नाव ठेवलं फुकट्या. प्रेमानं.

फुकट्याला उघडल्यावर मात्र घाम फुटला. एवढी बटणं. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षेलाही इतकी घाबरले नव्हते.

शनि. ११
जमलं. रुंदीचा आकडा, उंचीचा आकडा, ओके, की झालं. साईटची चौकट आडवी आहे, बाराशे बाय सहाशे मागते, तसं घातलं. सगळे फोटो करून त्याच नावानं सेव्ह केले आणि मोबाईल भरलाय म्हणून तिथले जुने काढून टाकले. पोत्याचं पाकीट झालं. पान टचकन उघडतंय. जुन्या मोबाईलवर, जिन्याखाली उभं राहून बघितलं, तरीही.

आणि चंद्री काय दिसतेय फोटोत. लांब, भरलेली, पाठ नुसती रस्त्यासारखी सरळ. हे कारखान्याच्या ऑफिसात दाखवून आले. गल्लीतले सगळे गवळी बघून गेले, "वहिनी, म्हस काय काढलीया." फोटो काढणारीचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा झालं. चहा केला सगळ्यांना.

आत्तींनी तेवढं बघितलं नाही. "म्हस बघायची ती गोठ्यात. त्या काचंत काय बघतासा."

रवि. १२
फोनवर फोन. जयसिंगपूर, शिरोळ, कागल. आत्ती प्रत्येकाला एकच विचारतात, "धार कोण काढणार?" गडी असं म्हटलं की फोन माझ्या हातात.

संध्याकाळी दूध कट्ट्यावर त्यांच्याबरोबर गेले. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या, गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं, आत्ती थेट ग्लासात धार सोडतात, वर फेस. अख्ख्या कट्ट्यावर बाई म्हणून एकट्या त्याच. मामांजी गेल्यावर लोक म्हणाले होते की कट्टा आता सोडा. दुसऱ्या दिवशी चंद्रीला घेऊन जाऊन बसल्या. आज बोटं साथ देत नव्हती, एका पोरट्याच्या ग्लासात कमी गेलं तर त्याचे पैसे घेतले नाहीत. त्याला कळलंही नाही का ते.

सोम. १३
वाईट दिवस. लिहू नये असं वाटतंय तरी लिहिते.

शिरोळहून दोघं आले, बाप-लेक. सून धार काढते म्हणून फोनवर सांगितलेलं, ती मागनं येईल म्हणाले. आत्तींनी बसायला दिलं, पाणी दिलं. गोठ्यात गेले. म्हातारा चंद्रीकडं बघतो, मोबाईलकडं बघतो, परत चंद्रीकडं. मग म्हणाला, "ही न्हवं. फोटोतली दावा."
आत्ती म्हणाल्या, "एकच हाय, पावणं."
तर तो पोरगा हसला. "म्हातारे, फोटोत दीड म्हस हाय की."

आत्तींनी हात पुढं केला. मोबाईल घेतला. चष्मा मागितला, मी आणून दिला. लांब धरून, जवळ धरून बघितलं. मी त्यांच्या खांद्यावरनं बघत होते आणि मला तेव्हा दिसलं. चंद्रीचे पाय आखूड. मान जाड. शिंगं कडेला फाकलेली. गोठ्याचा दरवाजा उंचीपेक्षा रुंद. इतके दिवस कोणालाच कसं दिसलं नाही हे? आमच्याकडं लांब म्हस म्हणजे देखणी म्हस. लांब दिसली, आम्ही खूश झालो, पुढं कोण बघतंय. गल्लीतल्या एकाही शहाण्याला दिसलं नाही, मला धरून.

मोबाईल परत दिला. "खोटा फोटू हाय," म्हणाल्या. "चुकलं आमचं. चा घेऊन जावा." ते चहा न घेताच गेले.

मग माझ्याकडं न बघता: "मी कट्ट्यावर कधी पाण्याचा थेंब घातला न्हाई. आन् तू माझी म्हस ताणलीस." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळ. १४
आत्ती बोलत नाहीत. "ते समदं पुसून टाक" एवढंच एकदा. हे मध्ये पडायला आले, "आई, तिनं काय मुद्दाम…" तर "तू गप, तू बी ऑफिसात नाचवत हुतास."

बावड्याच्या सुमनचा मेसेज, पान आता उघडतंय, म्हस लई लांब आहे, खरंच एवढी आहे काय? म्हणजे तिला शंका आली. एवढी गल्ली, गवळ्यांची खानदानं, आणि शंका आली ती टेकडावर उभं राहून बघणाऱ्या बाईला. तिला खरं कळवलं, फोटो चुकलाय, नवा टाकते. तिनं उत्तर दिलं, "टाका. मी थांबतो."

फुकट्या वापरणाऱ्यांना मदत करणाऱ्या लोकांचा एक मंच आहे, तिथं फोटो जोडून मोडक्या इंग्रजीत लिहिलं: माझी म्हैस लांब झाली, काय करू. लिहून झाल्यावर लाज वाटली.

बुध. १५
उत्तर आलं. हसले नाहीत. कुठल्या देशातला आहे माहीत नाही, त्यानं चित्रं काढून बाण घालून सांगितलंय. रुंदी आणि उंचीच्या आकड्यांच्या मध्ये साखळीचं बारकं चित्र आहे, ते तुटलेलं होतं. जोडलेलं असलं की एक आकडा बदलला की दुसरा आपोआप बदलतो, प्रमाण सुटत नाही. आणि शेवटी लिहिलंय: चौकटीत बसत नसेल तर कडा कापा, ताणू नका. आणि मूळ फोटो कधी मिटवू नका, नवीन नावानं ठेवा. वर म्हैस छान आहे म्हणून लिहिलंय. चंद्रीला परदेशातून कौतुक.

कोण कुठला माणूस. माझ्याकडून त्याला काय मिळणार आहे? तरी बसून बाण काढले. मला त्याच्या घरी चटणी पाठवावी वाटतेय.

पण मूळ फोटो मी उडवलेत. म्हणजे परत काढायला पाहिजेत. म्हणजे आत्तींना विचारायला पाहिजे.

गुरु. १६
विचारलं. भांडी घासत होत्या, खरं म्हणजे मला घासू देत नव्हत्या. साखळीचं सगळं सांगितलं. ऐकलं. मग म्हणाल्या, "मग परत ताणली न्हाईस हे लोकांस्नी कसं कळणार?"
हे मला सुचलंच नव्हतं.
थोड्या वेळानं मीच म्हटलं, तुम्ही शेजारी उभ्या राहा. माणूस ताणलं की कुणालाही कळतं. म्हशीचं कळत नाही, माणसाचं कळतं.
"मी कशाला हुबी ऱ्हाऊ, मला इकायची हाय व्हय?"
म्हणजे बोलल्या. बास झालं आज.

शुक्र. १७
तयार झाल्या. पण त्यांच्या अटींवर.

मी चंद्रीला धुवायला बादली भरली तर "ठेव ती. धुतलेली म्हस समद्यांचीच चांगली दिसती." शेण लागलेल्या मांडीसकट फोटो. मग स्वतः शेजारी उभ्या राहिल्या, रोजचंच लुगडं, डावा हात चंद्रीच्या पाठीवर, पदर नीट करायलाही तयार नाहीत. हसा म्हटलं तर "कशापायी?"

मग म्हणाल्या, "आता कान काढ." चंद्रीचा उजवा कान फाटलाय, लहानपणी तारेत अडकला होता. मी आजवर तो फोटोत येणार नाही असं बघत आलेय. "काढ. आन् हा मागला सड बारीक चालतो, त्यो बी काढ. लिही खाली. हाताला वेळ लागतो, घाईच्या बाईनं येऊ नये म्हणून लिही." विकायला काढलेल्या जनावराची खोड आधी सांगणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. ह्या बाईच्या घरात आले हे माझं नशीब, आणि हे मी तिला तोंडावर कधी सांगणार नाही कारण ती म्हणेल, "कशापायी?"

संध्याकाळी फुकट्यासमोर बसले. साखळी जोडलेली, तीनदा बघून खात्री केली. रुंदी बाराशे. उंची आपोआप नऊशे. चौकटीत बसेना, म्हणून वरचा गोठ्याचा पत्रा कापला, खालची जमीन थोडी कापली. चंद्री आणि आत्ती दोघी बरोबर बसल्या, कुणालाही धक्का नाही. आणखी एक गंमत सापडली, सगळे फोटो एकदम बारीक करता येतात. एक बटण दाबलं की रांगेनं एकेक. बसून बघत राहिले नुसती.

नवीन नावानं सेव्ह. मूळ फोटो पेनड्राइव्हवर.

शनि. १८
दाखवले आत्तींना. चष्मा स्वतः मागितला. आधी चंद्रीकडं बघितलं नाही, स्वतःकडं बघितलं. "मी एवढी बारकी हाय?" म्हणाल्या. हो म्हटलं. "मग बरोबर हाय. टाक."

ह्यांना म्हटलं आता ऑफिसात दाखवा की. म्हणाले, "आता काय दाखवायचं त्यात." मग थोड्या वेळानं, "आई बारीक झालीया, न्हाई?" मग बराच वेळ नुसतेच बघत बसले होते.

बुध. २२. पाडवा
फोन कमी झालेत. दीड म्हशीला दिवसभर फोन होते, एका म्हशीला दोन दिवसांत एक. फाटका कान बघून कोण येणार, असं हे म्हणाले. आत्ती म्हणाल्या, "जी येणार ती बघूनच येणार."

आज म्हशींची मिरवणूक. शिंगं रंगवली, मोरपिसं, कवड्या, गळ्यात घागरमाळ. आत्तींची बोटं चालेनात म्हणून रंग मी लावला, त्यांनी नुसतं "हितं, हितं" केलं. मग ह्यांनी मोटारसायकल काढली आणि आत्ती मागं बसल्या, उलट्या, तोंड चंद्रीकडं. दरवर्षी मामांजी असं पळवायचे. आत्तींनी हाक मारली, "च्यंद्रेऽ". बास, तेवढीच. दोर नाही, काठी नाही, चंद्री अख्ख्या रस्त्यानं त्या हाकेमागं पळत सुटली. हलगी वाजतेय, फटाके फुटताहेत, आजूबाजूला पोरं शिट्ट्या मारताहेत, तिचं लक्ष फक्त ह्या एका बाईकडं. मी कठड्यावर उभी राहून एक फोटो काढला आणि रडले. कबूल करते.

हा फोटो साईटवर टाकायचा काय म्हणून विचारलं. "नको. त्यो आपला." घरी आल्यावर आत्तींनी स्वतःच चंद्रीची शिंगं पुसली.

शनि. २५
सुमनचा फोन. एवढे दिवस काय करत होता विचारलं तर भातकापणी चाललीय म्हणे. पान बघितलं. कान बघितला. तिचा पहिला प्रश्न: "तुमच्या सासूबाई किती उंच हायत?" मी सांगितलं, माझ्या खांद्याला लागतात, म्हणजे पावणेपाच फूट असतील. पलीकडं मापाची पुटपुट. मग, "म्हंजी म्हस माझ्या छातीएवढी. बसंल मला." किंमत विचारलीच नाही. "चार दिस ऱ्हायला येऊ काय? हाताला लागती का बघाय पायजे."

आत्तींना सांगितलं. गोठ्यात जाऊन चंद्रीला वैरण टाकून आल्या. मग, "भाकरीचं पीठ जास्तीचं काढून ठेव."

सोम. २७
सुमन आली. एस.टी.नं, पाठीवर पिशवी, तीत घरचे तांदूळ आमच्यासाठी. माझ्याच वयाची असेल, काळीसावळी, बोलणं मोजकं. दादला पुण्याला, इथं ती आणि सासू. दूध घालून घर चालवते, तिची म्हस पावसात गेली.

आत्तींनी आधी तिचे हात बघितले. "नखं काढलीस?" "काढूनच आलोय." तळवे दाबून बघितले. "गरम हायत," एवढंच म्हणाल्या आणि गोठ्यात घेऊन गेल्या.

संध्याकाळी सुमन बसली, आत्ती शेजारी उभ्या. रेडकू लावलं, पाजलं, सोडवलं. चंद्री आत्तींकडं बघत राहिली. थेंब नाही. सुमननं घाई केली नाही, कासेवर हात ठेवून बसली होती. शेवटी आत्तींनाच बसावं लागलं. बोटं आखडलेली, तरी त्यांच्या हाताला लगेच पान्हा. सुमन म्हणाली, "ती तुमाला सोडणार न्हाई." आत्तींनी कासंडी तिच्याकडं सरकवली.

मंगळ. २८
सकाळी धारेच्या वेळेला आत्ती गोठ्यात आल्याच नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. मला म्हणाल्या, "मी दिसलो तर ती माझीच वाट बघणार. तू जा तिच्यासंगं."

गेले. सुमन बसली. चंद्रीनं दाराकडं बघितलं, एकदा हंबरली. आतून उत्तर नाही. परत हंबरली. मला तर वाटलं आता आत्ती येणार. आल्या नाहीत. सुमन हळू आवाजात काहीतरी बोलत होती तिच्याशी, कापणीचं, ओढ्याचं, असंच. बराच वेळ. मग कासंडीत आवाज झाला. बारीक. मग आणखी एक.

आतून आत्तींचा आवाज, "सोडला काय गं पान्हा?"

कुठलं उत्तर हवंय ह्या बाईला, मला कळेना. खरं तेच सांगितलं. "थोडा सोडला, आत्ती."

आतून उगाच भांडी हलवल्याचा आवाज. चुलीवर काही ठेवलेलं नव्हतं, मला माहीत होतं. सुमनचे हात चाललेलेच. अर्ध्या कासंडीला चंद्रीनं परत ओढून घेतलं, सुमन तशीच बसून राहिली. अजून तीन दिवस आहेत.

मग दाराआडून: "तिला सांग, उद्या मी लवकर उठणार न्हाई. तिची तिनं बसावं."

ह्या घरात आल्यापासून आत्ती कधी माझ्यामागून उठल्याचं मला आठवत नाही.